कानांत नाद घुमतो तेव्हा

रात्रीची जेवणे आटोपतात, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबतो, रस्त्यावरील वर्दळ ओसरते आणि घरातील शेवटचा दिवा मालवला जातो. दिवसभराच्या धकाधकीनंतर सर्वांना हवीहवीशी वाटणारी ही शांतता काहींच्या वाट्याला मात्र येत नाही. अंथरुणाला पाठ टेकताच त्यांच्या कानांत रातकिडे किरकिरू लागतात. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा फुसकार, तर कोणाला समुद्राची दूरवरची गाज. शेजारी झोपलेल्या माणसाला यातले काहीही ऐकू येत नाही, आणि या विकाराचे खरे दुःख तेथेच सुरू होते. ताप मोजता येतो, सूज दाखवता येते. कानातला आवाज मात्र दुसऱ्याला ऐकवता येत नाही. ‘तुम्हाला उगीच भास होतो’ हे घरच्यांचे उत्तर ऐकून माणूस गप्प बसतो आणि एकटाच सोसत राहतो.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हा विषय पुनःपुन्हा डोकावतो. म्हणून या वेळी कर्णनादाचा सविस्तर विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा भास नव्हे आणि वेडेपणा तर नव्हेच. हा विकार अतिशय जुना व अतिशय सार्वत्रिक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनादाचे नाव आहे. २०२२ साली जगभरातील पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना या नादाचा अनुभव असतो आणि सुमारे २ टक्क्यांना त्याचा त्रास तीव्र स्वरूपाचा असतो. म्हणजे शंभर माणसांच्या स्नेहसंमेलनात आपण बसलो असलो, तर आपल्यासारखेच दहा-बारा जण तेथे असण्याचा संभव आहे. फक्त कोणी कोणाजवळ बोलत नाही इतकेच.

नादाचे मूळ कोठे?

बाहेरून आलेला ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमार्फत तो आत पोहोचतो. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नलिका असते. या नलिकेत प्रत्येक कानामागे सुमारे १५ हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी या पेशी डुलतात, त्यांतून विद्युत्संदेश निर्माण होतो आणि मज्जातंतूवाटे तो मेंदूपर्यंत जातो. ऐकण्याचे खरे काम तेथे, मेंदूत होते.

या रोमपेशी निसर्गाने आपल्याला एकदाच दिलेल्या असतात. कातडी खरचटली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. पण माणसाची गेलेली रोमपेशी पुन्हा उगवत नाही. वयोमानाने, गोंगाटाने वा औषधाने त्या झिजल्या की मेंदूकडे येणाऱ्या संदेशांत खंड पडतो. अशा वेळी मेंदू काय करतो? रेडिओवरील केंद्र नीट लागेनासे झाले की आपण आवाजाची कळ पिळतो. मग गाणे तर येत नाहीच, पण खरखर मात्र मोठी होते. मेंदूही काहीसे असेच करतो. तुटपुंजे संदेश पकडण्यासाठी तो आपली ग्रहणशक्ती वाढवतो आणि मज्जासंस्थेतील एरवी लक्षातही न येणारी कुजबुज नाद होऊन ऐकू येऊ लागते. पुष्कळदा ज्या पट्टीतील ऐकू येणे कमी झालेले असते, नादही त्याच पट्टीच्या आसपासचा असतो. पूर्वी काही रुग्णांची श्रवणाची नसच शस्त्रक्रियेने तोडण्यात आली. तरीही कित्येकांचा नाद थांबला नाही. तो केवळ कानातला राहिलेला नसतो, याचे हे बोलके प्रमाण होय.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी केलेला प्रयोग येथे सांगण्यासारखा आहे. कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना त्यांनी एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते टिपून ठेवावयास सांगितले. सुमारे ९४ टक्के जणांनी गुंजन, भणभण, शिट्टी असे काही ना काही आवाज लिहून दिले. म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचाच कान बोलतो. निरोगी माणूस ते बोलणे विसरून जातो, त्रस्त माणसाला ते विसरता येत नाही. उपायांची दिशा याच एका भेदात दडलेली आहे.

कारणांची मोजदाद

सर्वांत साधे कारण म्हणजे साचलेला मळ. तो काढला की नाद थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र तो काढण्याचे काम काडी, हेअरपिन किंवा किल्लीचे नव्हे. काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडण्याची रीत आपल्या घरांत अजून आढळते. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर हे तेल अपाय करते. तेल अधिक गरम असेल तर कान भाजतोही. आजीच्या बटव्याविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. पण कानापुरता तो बटवा बंद ठेवावा हे बरे.

दुसरे मोठे कारण गोंगाट. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक काळ राहणे कानास घातक मानतात. आवाज तीनच डेसिबलने वाढला तरी सुरक्षित कालमर्यादा निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलच्या गजरात ती जेमतेम १५ मिनिटे उरते. यंत्र जवळ नसले तरी एक घरगुती खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानास अपायकारक समजावा.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा या नगरांत कापडगिरण्यांच्या भोंग्यावर एकेकाळी घरांची घड्याळे चालत. मागांच्या खात्यातील आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो आणि त्या काळी कानांत बोळे घालण्याची प्रथा नव्हती. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, पण तेथे व तिच्यासारख्या गिरण्यांत ज्यांनी उमेद घालविली, त्यांच्यापैकी कित्येकांच्या कानांत माग अजून चालूच आहेत. अशा वडीलधाऱ्यांच्या तक्रारीला ‘वयाचा दोष’ म्हणून सोडून देणे योग्य नाही. आज गिरण्यांची जागा उत्सवांतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी आणि तरुणांच्या कानांतील इअरफोनांनी घेतली आहे. गणेशोत्सव असो की नवरात्र, देवाला ऐकू जावे एवढ्यासाठी इतक्या आवाजाची गरज खासच नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांना मनाई करणारे नियम २००० सालापासून देशभर लागू आहेत. काही ठरावीक दिवशी सवलत असते, पण ती वेळेपुरती, कानांपुरती नव्हे. मिरवणुकीतून आल्यावर कान दडे बसून वाजू लागले, तर तो शरीराने दिलेला इशारा समजावा.

तिसरे कारण वय. साठीनंतर उंच पट्टीतील ऐकू येणे कमी होते आणि पाठोपाठ नाद येतो. चौथे कारण औषधे. मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन व क्विनाइन यांनी कान वाजू लागतात, मात्रा कमी केली की बहुधा थांबतात. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शने, लघवी वाढवणारी काही औषधे आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांचाही कानावर परिणाम होऊ शकतो. त्यांतील काहींची हानी कायमची असते. तथापि येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. हा मजकूर वाचून कोणीही आपले चालू औषध परस्पर बंद करू नये. हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी आणि संधिवातासाठीची मोठी मात्रा यांत पुष्कळ अंतर आहे. शंका डॉक्टरांपुढे मांडावी, निर्णय त्यांनी द्यावा.

याखेरीज मध्यकर्णातील रिकीब जखडून जाणे, कान वाहणे, सर्दीने कानाची नळी चोंदणे, जबड्याच्या सांध्याचे व मानेच्या स्नायूंचे विकार, रक्तक्षय, थायरॉइडचे दोष हीही कारणे असतात. नाद, बहिरेपणा आणि घर गरगर फिरल्यासारखी चक्कर ही तिन्ही एकत्र येऊन जात-येत राहिली, तर तो मेनिएर यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार असू शकतो. या फ्रेंच वैद्याने १८६१ साली त्याचे मूळ अंतःकर्णात असल्याचे दाखवून दिले. अशा रुग्णांस मीठ कमी करण्याचा सल्ला देतात.

त्वरा केव्हा करावी?

बहुतेक कर्णनाद जिवास धोका करीत नाहीत. परंतु काही खुणा दिसल्या तर उद्यावर ढकलू नये. एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आणि नाद सुरू झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. यावरील उपचार पहिल्या काही दिवसांत केले तर गुण येण्याची आशा असते. दोन आठवडे ‘सर्दी असेल’ म्हणत काढले तर ती झपाट्याने मावळते. आमच्या मते या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे.

नाद नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर रक्तदाब, रक्तक्षय व रक्तवाहिन्या यांची तपासणी हवी. नाद सतत एकाच कानात असेल आणि त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर श्रवणाच्या नसेवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करण्यास सांगतात. ही गाठ विरळा आणि बहुधा कर्करोगाची नसते. तरी ती वेळीच कळलेली बरी. चेहरा वाकडा होणे, तोल जाणे, डोक्याला मार लागल्यानंतर नाद सुरू होणे याही तातडीच्या खुणा होत.

तज्ज्ञांकडे जाताना

आपल्या समाजापुढे येथे एक खास अडचण येते. घरात मराठी, दवाखान्यात दुसरी भाषा. आणि जो आवाज मातृभाषेतही सांगता येत नाही तो परभाषेत कसा सांगावा? तेव्हा काही शब्द गाठीशी असू द्यावेत. हिंदीत ‘कान में सीटी’ किंवा ‘साँय-साँय’ म्हटले की डॉक्टरांना बोध होतो. गुजरातीत ‘कानमां तमरां बोले छे’ म्हणतात. तमरां म्हणजे रातकिडेच. तेलुगूत यास कानातला ‘होरु’ म्हणतात. याउपर, जाण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात: नाद कोणत्या कानात, केव्हापासून, सतत की मधूनमधून, नाडीबरोबर की स्वतंत्र, आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे. एवढ्या कागदाने डॉक्टरांचा वेळ आणि आपला घोटाळा दोन्ही वाचतात.

कानाच्या तपासणीबरोबर श्रवणमापन अवश्य करून घ्यावे. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तिचे सिकंदराबाद येथील प्रादेशिक केंद्र आणि मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या सरकारी संस्थांत श्रवणाच्या तपासणीची सोय आहे. निकषांत बसणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रासाठी साहाय्यही मिळते.

नादाशी जुळवून घेताना

कारण सापडले व दूर झाले तर उत्तमच. परंतु रोमपेशींच्या झिजेतून आलेला नाद मुळापासून घालवणारी गोळी आजमितीस उपलब्ध नाही. हे वाक्य लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण खोटी आशा दाखवणे हा अधिक मोठा अपराध ठरेल. ‘पंधरा दिवसांत कर्णनाद बंद’ अशा जाहिरातींवर पैसा उधळू नये. गिंको, जस्त, मेलाटोनिन यांच्या गोळ्या या विकारासाठी घेऊ नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे.

मग करावे काय? नाद जात नसला तरी त्याचा जाच जातो, आणि तो जावा यासाठी खात्रीचे मार्ग आहेत. पिठाच्या गिरणीशेजारी बिऱ्हाड केलेल्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. पहिला महिना त्यांस झोप येत नाही. वर्षभराने पाहुण्याने विचारले तर ‘कोणता आवाज?’ असे ते विचारतात. गिरणी बंद झालेली नसते. मेंदूने तिला बिनमहत्त्वाची ठरवून दाराबाहेर उभे केलेले असते. नादाच्या बाबतीत हे आपोआप घडत नाही, कारण आपण त्याला भितो. भीतीने लक्ष तिकडे जाते, लक्ष गेल्याने तो मोठा वाटतो, मोठा वाटल्याने भीती वाढते. हे चक्र तोडणे हाच उपचार.

त्यासाठी पहिला नियम असा की पूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा चालू असू द्यावा, तंबोऱ्याची ध्वनिफीत किंवा पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मंद लावावे. हा आवाज नादाला बुडवून टाकणारा नसावा, त्याहून किंचित खाली असावा; दोन्ही एकत्र ऐकू आले म्हणजे मेंदू हळूहळू दोन्हींकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. नादाच्या भीतीने दिवसभर कानांत बोळे घालून बसणे मात्र चुकीचे. त्याने कान अधिकच हळवे होतात. बोळे फक्त खऱ्या गोंगाटात वापरावेत.

दुसरा नियम, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र वापरावे. बाहेरचे ध्वनी पुन्हा आत येऊ लागले की मेंदूची ती वाढलेली हाव कमी होते आणि कित्येकांचा नाद मागे पडतो. चष्मा लावताना जो संकोच आपल्याला वाटत नाही, तो यंत्राविषयी का वाटावा?

तिसरा नियम, मनाचा उपचार घेण्यात कमीपणा मानू नये. ‘हा नाद मला संपवणार’ यांसारखे विचार ओळखून ते तपासण्याची व बदलण्याची एक शास्त्रीय पद्धत मानसोपचारात आहे. कर्णनादाचा जाच कमी करणाऱ्या उपायांत आजवर सर्वांत सबळ पुरावा तिच्याच बाजूने आहे. ती नाद घालवीत नाही, नादाचे ओझे उतरवते. नियमित झोप, सकाळचे चालणे, दीर्घ श्वसन यांचाही आधार होतो. चहा-कॉफीने नाद वाढतोच असे नाही. ज्यांना तसा अनुभव येतो त्यांनी सायंकाळचा पेला सोडावा, इतरांनी उगीच उपास करू नये.

कोणी म्हणतील, हा तर अनाहत नाद! हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात सागर, मेघ, वेणू, वीणा, भ्रमर अशा ध्वनींचे वर्णन आहे खरे. परंतु तो साधकाने आसनस्थ होऊन जाणीवपूर्वक शोधलेला नाद आहे. न बोलावता आलेल्या नादाला अध्यात्माचे नाव देऊन तपासणी टाळणे ना शास्त्राला धरून आहे, ना योगाला. त्या वर्णनातून एवढेच घ्यावे की आतल्या आवाजाकडे भयाविना पाहता येते.

आणि काम सोडू नये. बीथोव्हेन या जगद्विख्यात संगीतकाराने १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्रास पत्र लिहिले, त्यात आपले कान रात्रंदिवस भणभणत असल्याची व्यथा आहे. त्याची नववी सिंफनी १८२४ सालची. चेक संगीतकार स्मेताना १८७४ साली बहिरा झाला. दोन वर्षांनी रचलेल्या आपल्या चतुष्टयवादनाच्या अखेरच्या भागात त्याने कानातला तो तीक्ष्ण स्वरच व्हायोलिनवर आणून ठेवला.

कुटुंबाचे कर्तव्य

आता दोन शब्द घरच्यांसाठी. श्रवण मंदावते तेव्हा स, श, च, त यांसारखी नाजूक व्यंजने प्रथम निसटतात आणि गोंगाटात परभाषा समजणे मातृभाषेहून लवकर कठीण होते. हैदराबादेत किंवा बेळगावात चाळीस वर्षे बाजारहाट करणारे आजोबा एकाएकी मंडईत जाणे टाळतात, याचे कारण तऱ्हेवाईकपणा नसून हे असू शकते. पुढे ते मंडळाच्या कार्यक्रमास जात नाहीत, मग पंगतीत बोलत नाहीत, आणि शेवटी घरातच असून घराबाहेर होतात. परप्रांतात चार मराठी माणसांचा सहवास हाच ज्यांचा विसावा, त्यांची ही हानी लहान नव्हे.

म्हणून त्यांच्याशी बोलताना समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असू द्यावा, ओरडण्याऐवजी सावकाश व स्पष्ट बोलावे, दूरदर्शन संच बंद करावा. ‘आम्हांला तर ऐकू येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘आज कसा आहे आवाज?’ असेही रोज विचारू नये. रोजच्या विचारपूशीने लक्ष पुन्हा तिकडेच जाते. एकदा विश्वास ठेवावा, तज्ज्ञांकडे सोबत जावे आणि नंतर त्यांना गप्पांत, पत्त्यांच्या डावात, नातवंडांच्या अभ्यासात गुंतवावे. मात्र झोप पार उडाली, जेवणावरची वासना गेली, ‘आता जगून काय करायचे’ असे उद्गार निघू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नयेत. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही मनःस्वास्थ्याची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून ती अनेक भारतीय भाषांत बोलते.

कान वाजतो तो बहुधा कशाची तरी आठवण करून देण्यासाठी: झिजलेल्या पेशींची, सोसलेल्या गोंगाटाची, कधी एखाद्या दुर्लक्षित विकाराची. ती आठवण ऐकून घ्यावी, तपासणी करावी आणि मग त्या आवाजास कोपऱ्यात बसवून आपल्या कामास लागावे. ज्यांचे कान आज ठणठणीत आहेत, त्यांनी येत्या उत्सवात ध्वनिवर्धकाचा आवाज एवढा तरी उतरवावा की शेजारच्या आजोबांना आरतीस येऊन उभे राहता येईल.